डावीकडचा आवाज

सर, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की ना?" पलीकडे आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या कुलकर्णीबाई होत्या. बिचाऱ्या रडत होत्या. "अहो बाई, असं काय विचारता?" म्हणाल्या. आता त्यांना काय सांगायचं? अधिवेशनाच्या तोंडावर तुम्ही यापूर्वीही रुग्णालयात दाखल झाला होतात आणि अधिवेशन संपताच खणखणीत होऊन घरी आला होतात. तुमच्याबद्दलची कुठलीही बातमी मी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय कधी घेतली नाही. ही सवय मला तुम्हीच लावलीत.

या वेळी मात्र खरं होतं.

तुमचा जन्म, शिक्षण, तुम्ही नगरसेवक कधी झालात, आमदार कितीदा, विधानसभेचे अध्यक्ष कधी, हे सगळं पेपरांनी छापलं आहे. कोपऱ्यात तुमचा तरुणपणचा फोटो, भरपूर केस असलेला. चौकात फ्लेक्स लागलेत. ज्यांनी तुमचं तिकीट कापलं, त्यांनीच सर्वांत मोठे लावलेत. माझ्याकडेही दोन ओळी मागायला एक पत्रकार आला होता. मी त्याला म्हटलं, दोन ओळींत माझं भागायचं नाही. तो लगेच गेला. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही आता 'खाली बसा' म्हणू शकत नाही.

आपली बुधवार पेठेतली शाळा आठवते ना? खाली रेडिओ आणि टेपरेकॉर्डरची दुकानं, त्यांचे कर्णे दिवसभर चालू, आणि वर आपली स्टाफरूम. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात, मी गणित. कोपऱ्यातली खुर्ची तुमची, डावा खांदा भिंतीला लागलेला. दुसरं कुणी तिथे बसलं की तुम्ही समोर जाऊन नुसते उभे राहायचात, तो उठेपर्यंत. पुढे तुम्ही निवडणुकीला उभे राहिलात तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, सरांना खुर्ची सोडवत नाही हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. त्या विनोदावर तुम्हीही हसलात. किती सहज हसलात, ते आता आठवतं.

मी धायरीची. धायरी तेव्हा गाव होतं, आणि गावाला पाणी नव्हतं. बायकांनी रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर जायचं ठरवलं आणि मास्तरीण म्हणून मला पुढे केलं. वर्गाबाहेर मी कधी चार वाक्यं बोलले नव्हते. तुम्हाला विचारलं, तर शाळा सुटल्यावर तुम्ही मला प्रार्थनेच्या हॉलमध्ये घेऊन गेलात. स्वतः पार टोकाला जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "बोला."

मी बोलले.

"ऐकू आलं नाही. पुन्हा."

पुन्हा बोलले.

"बाई, माणसांशी बोलू नका, माणसं मधे येतातच. मागच्या भिंतीशी बोला."

तुम्ही आठवडाभर मला त्या भिंतीशी बोलायला लावलंत. मोर्चाच्या दिवशी मी बोलले तेव्हा आयुक्त गॅलरीत आले. धायरीला टँकर सुरू झाले, मग नळ आले, आणि मी नको नको म्हणता राजकारणात आले. लोक आजही म्हणतात, बाईंचा आवाज उपजतच मोठा. तो उपजत नाही. तो तुम्ही काढलात.

माझी आई मात्र तेव्हाच म्हणाली होती, "त्यो मास्तर तुला फुकट शिकवतोय व्हय? काय तरी असंल त्येच्या मनात." मी आईवर चिडले. नंतर कळलं, आमचा मोर्चा महापालिकेतल्या ज्या पदाधिकाऱ्याविरुद्ध होता तो तुमच्याच पक्षातला तुमचा स्पर्धक होता. मोर्चानंतर तो मागे पडला आणि आमदारकीचं तिकीट तुम्हाला मिळालं. मी तुम्हाला स्टाफरूममध्ये सरळ विचारलं, "सर, तुम्ही मला शिकवलंत की वापरलंत?" तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "दोन्ही एका वेळी होऊ शकतं, बाई. गणितात होत नसेल." मला राग आला आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून बरंही वाटलं. तुमच्याबद्दल माझ्या मनात पुढे जे काही होतं ते असंच राहिलं, कधी एक धड बाजू धरून बसता आलं नाही.

मी तुमच्या विरोधी पक्षातून निवडून आले तेव्हा पहिला हार तुमचा होता. त्याचाही मी संशय घेतला. तो हार तसाच दाराला लावून ठेवला, ही गोष्ट वेगळी.

मग तुम्ही अध्यक्ष झालात. दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी तुम्हाला दंडाला धरून आसनापर्यंत नेलं. त्या आसनाच्या उजव्या हाताला सत्ताधारी बसतात आणि डाव्या हाताला विरोधक. मी डावीकडे. पहिल्याच भाषणात तुम्ही म्हणालात, "मी शिक्षक आहे. मागच्या बाकावरची कुजबूजसुद्धा मला ऐकू येते, हे सन्माननीय सदस्यांनी लक्षात ठेवावं." सभागृह हसलं. मीही बाक वाजवला. मला अभिमान वाटला, सर. आपल्या स्टाफरूममधला माणूस तिथे बसला होता.

आणि तुम्ही बसलातही चांगले. हे मला मान्य करायलाच हवं. मंत्र्यांना तयारी नसली की वर्गातल्यासारखं उभं ठेवायचात. इतरांची वेळ संपली की घंटा, पण माझं भाषण चालू असलं की घंटेवरचा तुमचा हात उचललेलाच राहायचा. ते आमच्या पक्षात कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. आमचे शहराध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, एकदा मला कँटीनमध्ये म्हणाले, "तुमचं आणि अध्यक्षांचं बरं जमतं." मी म्हटलं, "एका शाळेत होतो." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी." म्हणजे मी तुमच्यावर संशय घेत होते आणि माझा पक्ष माझ्यावर.

टेकड्यांचं विधेयक आलं ते त्याच काळात. शहराभोवतीच्या टेकड्यांच्या उतारावर बांधकामाला परवानगी द्यायची, असा त्याचा सरळ अर्थ. माझं घर त्या उताराच्या पायथ्याशी. तुम्ही स्वतः एके काळी मुलांना त्या टेकडीवर सहलीला नेलेलं. दुपारची वेळ होती. सत्ताधाऱ्यांची बाकं निम्मी रिकामी होती, त्यांच्यातल्या एका बड्या नेत्याकडे लग्न होतं आणि मंडळी जेवायला गेली होती. आम्ही सगळे मुद्दाम बसून होतो. गणित मला येतं, सर. त्या दिवशी आम्ही जास्त होतो.

तुम्ही विधेयक मताला टाकलंत. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." उजवीकडून 'होय' आलं. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं." डावीकडून असं 'नाही' गेलं की गॅलरीतली माणसं पुढे वाकली.

तुम्ही म्हणालात, "होयचं बहुमत. विधेयक संमत झालं आहे."

मी उभी राहिले. आवाजावर बहुमत ठरलेलं मान्य नसेल तर सदस्याने तिथल्या तिथे मतविभागणी मागायची, म्हणजे डोकी मोजली जातात. माझा माईक बंद होता. मी प्रार्थनेच्या हॉलमधल्या भिंतीशी बोलले होते तशी ओरडले, "मतविभागणी! अध्यक्ष महाराज, मी मतविभागणी मागते!" आमचे सगळे लोक उठून ओरडायला लागले, कागद भिरकावले गेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सरळ माझ्या तोंडाकडे. आणि म्हणालात, "पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी मी हरकत घेतली. तुम्ही निर्णय वाचून दाखवलात, मतविभागणीची मागणी आसनापर्यंत पोहोचलेली नाही, सबब झालेला निर्णय कायम. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, रस्त्यावर ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्याने मी ओरडले." तुम्ही चष्मा काढलात. "बाई, मला ऐकू आलं नाही. खाली बसा."

मी खाली बसले नाही. मला बाहेर काढण्यात आलं.

पुढचं थोडंफार तुम्हाला माहीत असेल, पण सगळं कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. पोकलेन आले, टेकडीचा उतार ढासळत खाली यायला लागला. पावसाळ्यात आमच्या गल्लीत लाल चिखलाचा लोंढा शिरला आणि माझ्या चुलतभावाचं स्वयंपाकघर गुडघाभर गाळाने भरलं. त्याची बायको ओट्यावर उभी राहून मला म्हणाली, "ताई, तुमी तितं असून बी आसं कसं झालं?" तिला मी मतविभागणी समजावून सांगू? अण्णांनी तर सरळ निकालच लावला. पक्षाच्या बैठकीत म्हणाले, "बाई ओरडल्या, नाही असं नाही. पण कधी ओरडल्या? वेळ गेल्यावर. दोघं एका शाळेतले." पुढच्या निवडणुकीत माझं तिकीट कापलं गेलं. लोकांच्या मते तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत आणि मी ओरडून न ओरडल्यासारखं. माझं राजकारण तिथे संपलं, सर. तुमचं आणखी बरीच वर्षं चाललं.

माझी आई गेली तेव्हा तुम्ही धायरीला आलात. लाल दिव्याची गाडी गल्लीत शिरेना, तर चालत आलात. सतरंजीवर बसलात. माझे मामा तुमच्या डावीकडे बसून तुम्हाला आईच्या गोष्टी सांगत होते आणि तुम्ही समोर बघत होतात, हूं नाही की चूं नाही. तुम्ही गेल्यावर मामा म्हणाले, "मोठा माणूस हाय. आपल्याशी कशाला बोलंल?" मला तुमचा इतका राग आला की तुम्ही आलात याचं समाधान त्यात कुठल्या कुठे गेलं.

शेवटची भेट या वर्षीची, उन्हाळ्यातली. तुम्ही घरीच असता, कुणी येत नाही, असं ऐकलं होतं. मी आंबे घेऊन आले. तुम्ही आरामखुर्चीत होतात, मी शेजारच्या सोफ्यावर बसले. सुनंदावहिनी स्वयंपाकघरात होत्या. शाळेचं बोलून झालं, गुडघ्यांचं बोलून झालं. मग मी हिय्या केला. "सर, आता दोघंही घरी बसलोय. एकदा खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत, छान हसलात आणि म्हणालात, "हो हो, घेऊ की. साखर कमी ना?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. "अहो, त्या चहाचं विचारत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी चहा घेतला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मी स्वतःशी म्हटलं, काय पण पाणी आहे या माणसाचं! मरेपर्यंत उत्तर देणार नाही.

आणि दिलं नाहीतच.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेटायला आले. बाहेर चपलांचा ढीग. हॉलमध्ये बसलेल्या माणसांपैकी निम्मे तुमच्या मतदारसंघातले इच्छुक होते हे त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवरूनच कळत होतं. तुमच्या निखिलने मला पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं, तुमच्या खोलीत. वहिनी पलंगावर बसल्या होत्या.

निखिल म्हणाला, "बाई, एक पर्सनल गोष्ट सांगायची होती. बाबांचा डावा कान नव्हता."

"नव्हता म्हणजे?"

"म्हणजे ऐकूच यायचं नाही. लहानपणी गालफुगी झाली, त्यात गेला. टोटली. आणि नंतर नंतर उजवाही वीक झाला. माईकवरचं कळायचं, बाकी गोंधळात काही कळायचं नाही. घरात आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"तर माझी रिक्वेस्ट आहे," निखिल पुढे म्हणाला, "शोकसभेत तुम्ही एवढंच बोला, की सरांना त्या दिवशी खरंच ऐकू आलं नव्हतं. आम्ही बोललो तर लोक म्हणतील घरचे आहेत. तुमची क्रेडिबिलिटी आहे. टेकडीचं ते मॅटर उगाच बाबांच्या नावाला चिकटलंय. आणि आता इलेक्शन पण..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. हुशार आहे तुमचा मुलगा.

एवढ्या वर्षांचा राग, आणि त्याच्याखालची सतरंजीच कुणी ओढून घेतली. कोपऱ्यातली खुर्ची डोळ्यांसमोर आली, भिंतीला लागलेला डावा खांदा. मामा आठवले. चहा आठवला. आणि लगेच दुसरा विचार आला, की हे सगळं आज का? निवडणूक नसती तर मला हे कळलं असतं का? 'मागच्या बाकावरची कुजबूज' म्हणणारा माणूस बहिरा होता हे मी कुणाच्या शब्दावर मानू? आणि मानलं, तरी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं होतंत. ऐकू न येणारी माणसं ओठ वाचायला शिकतात. मतविभागणी हा काही बारीक शब्द नाही.

निखिलला बाहेरून हाक आली, तो गेला. वहिनींनी दार लोटलं.

"तुमचा विश्वास बसला नाही," त्या म्हणाल्या.

"अर्धा बसला."

"मग उरलेलं सांगते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पहिलं काय सांगितलं असेल, तर चालताना माझ्या उजवीकडून चालत जा. मी जन्मभर उजवीकडून चालले. समारंभात त्यांच्या मागे उभी राहून कोण काय म्हणालं ते हळूच सांगायचे. सगळीकडे माणसांना उजवीकडे बसवायची जबाबदारी माझी. सभागृहात मात्र मी नव्हते आणि तिथल्या जागा कुणाच्या हातात नव्हत्या. विधेयक आलं त्या दिवशी टीव्हीवर थेट दाखवत होते. मी बघत होते. संध्याकाळी त्यांचा मुंबईहून फोन आला. विचारलं, 'बाई काय ओरडत होत्या गं?' "

"मग?"

"मी सांगितलं. मतविभागणी मागत होत्या. आणि म्हटलं, अहो, नाहीचा आवाज मोठा होता. ते म्हणाले, 'मला होय मोठं ऐकू आलं.' मी म्हटलं, उद्या सांगून टाका, चूक झाली म्हणा. तर म्हणाले, 'सांगितलं तर विचारतील ऐकू का आलं नाही. मग या खुर्चीत पुन्हा बसता येणार नाही.' "

बाहेर कुणीतरी मोठ्याने तुमच्या आठवणी सांगत होतं. वहिनी म्हणाल्या, "हे निखिलला माहीत नाही. फोन मी घेतला होता."

"मला का सांगताय?"

"त्या दिवशी तुम्ही चहा न पिता गेला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही पूर्ण कप प्यायलात, तेव्हापासून मला चैन नाही. तुम्ही बोला, बाई. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आता कुणाच्या कानात काही सांगत बसायचं नाही."

म्हणजे सर, तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं. विधेयक संमत म्हणालात ते तुमच्या कानाशी प्रामाणिक राहून म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी "मला ऐकू आलं नाही" म्हणालात तेही शब्दशः खरं. मी मात्र आयुष्यभर नेमकं तुमचं खरं वाक्य खोटं धरून बसले. खोटं त्याच्या मागे होतं, त्या न बोललेल्या संध्याकाळी. ते मला कधी दिसलंच नाही. आमच्या टेकडीपेक्षा तुम्हाला ती खुर्ची मोठी वाटली. आणि माझ्यावर आळ आला, पक्षाने मला घरी बसवलं, तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात. ते तर तुम्हाला उजव्या कानाने ऐकू आलं असेल.

शोकसभा टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात झाली. पहिल्या रांगेत सगळ्या पक्षांचे लोक होते, अण्णाही आले होते. एकापाठोपाठ एक बोलत होते, निष्पक्ष, अजातशत्रू, तत्त्वनिष्ठ. माझं नाव पुकारलं तेव्हा निखिलने माझ्याकडे पाहून हात जोडले.

मी माईक बाजूला केला. मागच्या भिंतीकडे बघितलं आणि बोलले. म्हटलं, "भालेघरे सरांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. हे मला परवा कळलं. त्या दिवशी माझी मागणी त्यांना ऐकू आली नाही, हे मी आज मान्य करते. त्यांच्यावर मी इतकी वर्षं जो आरोप केला तो परत घेते." निखिलने डोळे पुसले. मग मी म्हटलं, "पण मी काय मागितलं ते त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. ते त्यांना दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. त्यांना वाटलं, कान गेलेला माणूस अध्यक्ष राहू शकत नाही. त्यांनी एकदा आम्हाला विचारायला हवं होतं. कदाचित आम्ही डावीकडच्यांनीच म्हटलं असतं, राहा. मला बोलायला त्यांनी शिकवलं. म्हणून हे बोलते आहे."

मी खाली आले. वहिनींनी माझा हात हातात घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं असेल? 'माजी अध्यक्षांनी आयुष्यभर लपवली वेदना.' खाली माझा फोटो, आरोप मागे घेणारी विरोधक म्हणून. दुसरं अर्धं कुठेच नाही. सकाळीच निखिलचा फोन आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "थँक यू, बाई. खूप इमोशनल झालं सगळं. लोक भरभरून मेसेज करतायत." तिकीट त्यालाच मिळणार असं म्हणतात. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, वहिनींनीही हे असंच व्हावं म्हणून तर सांगितलं नसेल? मला त्या विचाराची लाज वाटली. पण तो आला, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

दुपारी अण्णांचा फोन आला. आवाज थकलेला. "बाई, म्हणजे तुम्ही तेव्हा खरंच वेळेवर मागितली होती?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. फोन मात्र बराच वेळ चालू ठेवला त्यांनी. तेवढी माफी मला पुरली.

सर, एक गोष्ट मी शोकसभेत सांगितली नाही. वहिनींनाही नाही.

निर्णय वाचायच्या आधी, त्या सकाळी, तुम्ही मला तुमच्या दालनात बोलावलं होतंत. मी ताठ मानेने आले. तुम्ही खुर्चीत नव्हतात, खिडकीपाशी उभे होतात. टेबलाला वळसा घालून तुम्ही माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिलात. मला वाटलं, जवळीक दाखवताहेत. माझा आवाज पूर्ण बसला होता. तुम्ही म्हणालात, "घसा बसलाय तुमचा." मी म्हटलं, "कुणासाठी बसला?" तुम्ही म्हणालात, "बाई, काल तुम्ही..." आणि थांबलात. तुमचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, आता सौदा मांडणार. मी दाराकडे पाहिलं. तेवढ्यात सचिव आत डोकावले, "साहेब, वेळ झाली." तुम्ही कोट घातलात.

त्या अर्ध्या वाक्यावर मी आजवर संशयच घेत आले. काय विकत घ्यायला निघाले होते, कशाच्या बदल्यात, मी गप्प बसले असते तर काय मिळालं असतं, असं किती काय काय. काल पहिल्यांदा वाटलं, की तुम्ही ते वाक्य पुरं करणार होतात आणि मी दाराकडे पाहिलं म्हणून केलं नाहीत. खरं काय, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मी फक्त एवढं ठरवलं आहे, की या एका वेळेपुरता संशयाचा फायदा तुम्हाला द्यायचा.

नेहमीसाठी नाही, सर. या एका वेळेपुरता.